बाराशे रिबिनी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज प्रशासक साहेब स्वतः शिवणखोलीत आले. अकरा वर्षांत ही दुसरी वेळ. पहिल्यांदा पंखा पडला तेव्हा आले होते, आणि दारातूनच हळहळून परत गेले होते. आज आत आले, बसलेसुद्धा. एक डिसेंबरला एड्स जागृतीचा दिवस आहे, मोठे पाहुणे येणार आहेत, इस्पितळातल्या प्रत्येकाच्या छातीवर लाल रिबीन दिसली पाहिजे, असं म्हणाले. बाराशे हव्यात. बाहेरून आणल्या तर त्यात आपलेपणा नाही, आपल्याच हातच्या हव्यात. आपल्या हातच्या म्हणजे आमच्या चौघांच्या हातच्या, हे सांगायला नकोच.

इकडे फाटक्या चादरींचा ढीग कमरेपर्यंत आलाय, ऑपरेशनचे गाऊन नाड्यांवाचून अडलेत, आणि वर हे आपलेपण. पण साहेबांना नाही म्हणायची इथे रीत नाही.

काजवालीने पाच मिनिटांत नमुना करून दाखवला. सहा इंच रिबीन, वरती वळण, खालची टोकं एकमेकांवर तिरकी टाकायची, आणि ती जिथे ओलांडतात तिथे आतल्या बाजूने एकच टाका. मागे सेफ्टीपिन. मी चष्मा लावून पाहिलं तरी टाका सापडेना. ती काजं करते म्हणून काजवाली, आणि तिच्या शेजारी बसून बटणं लावते ती गुंडी. दोघींची जोडी सात वर्षांची आहे. चौथे कापणारे मास्तर. त्यांना ऐकू कमी येतं आणि ते त्यांना फार सोयीचं पडतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, म्हणून इथेही कोणाचं नाव लिहीत नाही. मी या बाबतीत फार जपून असते.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर काजवालीने दार लोटून घेतलं. ती दर दोन महिन्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागते आणि मी दर वेळी नाक मुरडते. आज तिने कारण सांगितलं. तिला एचआयव्ही आहे. नऊ वर्षं झाली. नवऱ्याकडून आला, तो गेला, ही राहिली. रोज एक गोळी घेते. तपासणीत विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय, नातवंडं बघशील असं डॉक्टर सांगतात. गोळ्या आणायला मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते, कारण इथल्या रांगेत आपलीच माणसं बघतील.

इतकी वर्षं नाही आणि आजच का सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणाली, "एका हाताने बाराशे रिबिनी शिवायच्या आणि दुसऱ्या हाताने तुमच्याकडे खोट्या कारणाची चिठ्ठी द्यायची, हे जमेना, ताई. इथे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुमच्यापाशीच राहू दे."

मी तिचा हात धरून सांगितलं, मेले तरी बोलणार नाही. तिची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती शिकून बाहेर पडेपर्यंत तरी तिला ही नोकरी टिकायला हवी. करार वर्षाअखेरीस संपतो, दर वर्षी नवा होतो, त्यात कधी अडचण आली नाही.

मी अजिबात घाबरले नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. इस्पितळाच्या भिंतींवरचे तक्ते मला पाठ आहेत. फक्त तिच्याच भल्यासाठी मी तिला सुयांची वेगळी डबी आणि वेगळं अंगुस्तान दिलं. आमच्याकडे सुया एकाच गादीत खोचलेल्या असतात आणि दोरा ओवताना तोंडात घालायची सगळ्यांनाच सवय आहे, म्हणून म्हटलं उगाच कशाला. तिने डबीकडे पाहिलं आणि घेतली. मनाला बरं वाटलं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस दम धरला. आज ह्यांना सांगितलं. ह्यांना सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. तीस वर्षांत या माणसाने घराबाहेर काही नेलेलं नाही, कचरासुद्धा. शिवाय मनावर इतकं ओझं घेऊन माणसाने करायचं तरी काय? हे आपल्या विश्वासातले, म्हणून बोलले.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या निळ्या शर्टाची काजं तिनेच केलीयेत ना?" म्हटलं, हो, तिच्याइतकी सुबक दुसरं कोण करणार. मग हे पत्ते खेळायला गेले. रविवारचा डाव धोबीखान्याच्या मुकादमाकडे असतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार



आमच्या इस्पितळात मळक्या कपड्यांची गाठोडी नाडीच्या रंगावरून ओळखतात. हिरवी नाडी ऑपरेशनची, निळी लहान मुलांची, लाल नाडी संसर्गाच्या खोल्यांची. लाल गाठोडं कोणी उघड्या हाताने धरत नाही, ते तसंच उकळत्या पाण्यात जातं. आम्हा चौघांचे ॲप्रन एकाच साध्या गाठोड्यात जातात आणि तसेच परत येतात. आज तीन ॲप्रन एकत्र आले. चौथा वेगळा आला, लाल नाडी बांधून, उकळून उकळून पोतेऱ्यासारखा झालेला. काजवालीचा.

तिने नाडी सोडली, बोटाभोवती गुंडाळली आणि खणात ठेवली. खणात आधीची एक होती. म्हणजे सोमवारीही असाच आला होता आणि बाई गप्प. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे, ताई. स्वच्छ तर धुतलाय."

राहू दे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत माणसाला गाठोड्याची नाडी! आणि हे कोणाला कळलं कसं? मी कोणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही. काजवाली स्वतः तर सांगणार नाही. उरली कोण, तर गुंडी. ती मंगळवारपासून आपलं स्टूल काजवालीजवळून उचलून खिडकीपाशी घेऊन बसलीये. का, तर उजेडासाठी म्हणे. सात वर्षं उजेड पुरत होता बयेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गुंडीला कपड्यांच्या कोठीत गाठलं. धोबीखान्यात काय सांगून आलीस, असं सरळ विचारलं. म्हणते, कसलं काय? चेहरा असा केला जणू आजच जन्माला आली आहे. मग मीही आडपडदा ठेवला नाही, काजवालीच्या आजाराचं तोंडावर फेकलं, आणि ते तूच पसरवलंस असंही सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. रडायला लागली, काजवालीला किती वर्षं झाली, ती औषध घेते का, असलं काहीबाही विचारत सुटली. नाटक उत्तम करते. मी म्हटलं, आता तरी तोंड आवर.

मनातली मळमळ गेली. अन्यायाविरुद्ध कोणीतरी बोलायलाच हवं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. धोबीखान्यातून लेखी तक्रार आली आहे: शिवणखोलीतल्या अमुक बाईंचे कपडे हाताळायला माणसं तयार नाहीत. साहेब फार गोड बोलतात. कोणाला कमी लेखायचा प्रश्नच नाही, उलट तिच्याच प्रकृतीची काळजी, सुईचं काम जोखमीचं, म्हणून तिला सोमवारपासून जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवू, हलकं काम, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे.

मी म्हटलं, साहेब, तिची प्रकृती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, दोन जिने चढून मला धाप लागली तशी तिला लागत नाही. आणि सुईने हा आजार असा पसरत असता तर भिंतीवरचे तक्ते कशाला लावलेत? त्यांच्या खुर्चीच्या मागेच एक आहे. एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हात मिळवल्याने पसरत नाही, एकत्र काम केल्याने पसरत नाही. खाली साहेबांचीच सही. ते वळून न पाहता म्हणाले, "शास्त्र मला ठाऊक आहे हो. प्रश्न लोकांच्या भावनांचा आहे."

लोकांच्या भावना! काजवाली लोकांत धरत नाहीत वाटतं.

मग हळूच मुद्द्याची गोष्ट काढली. तिचा करार शिवणकामाचा आहे. वर्षाअखेरीस ती शिवणकामावर नसेल तर तो नवा कसा करणार? नियमच तसा आहे. म्हणजे काढणार नाहीत, फक्त आपोआप गळून पडेल अशा जागी नेऊन ठेवणार. मी इतकी भांडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. शेवटी साहेब म्हणाले, तुमची कळकळ समजते. कळकळ समजली आणि आदेशावर सही केली. कारण काय लिहिलं, तर 'प्रशासकीय कारणास्तव'.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, तू कशाला मध्ये पडतेस? माझं डोकं फिरलं, आज जेवण वाढलं पण बोलले नाही.

निळा शर्ट दहा दिवस खुंटीवर तसाच लटकतोय. घाला म्हटलं तर घट्ट होतो म्हणतात. माणूस दिवसेंदिवस वाळत चाललाय आणि शर्ट घट्ट होतोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काजवालीचा शिवणखोलीतला शेवटचा दिवस. रिबिनी आजच पुऱ्या केल्या तिने. बाराशेतल्या नऊशे तिच्या एकटीच्या हातच्या आहेत. खोक्यांत शंभर शंभर भरून दिल्या, प्रत्येकीचं वळण सारखं, टाका दिसत नाही.

मी चिडून विचारलं, साहेब तुझी बदली करतात आणि तू त्यांच्यासाठी खाली मान घालून शिवतेस? ती म्हणाली, त्यांच्यासाठी कुठे? नवरा गेला तेव्हा त्याला न्यायला चार माणसं मिळेनात. बाराशे माणसं एक दिवस तरी छातीवर लावून हिंडतील, लाजेखातर का होईना, तेवढं तरी दिसू दे.

मी म्हटलं, मग त्या दिवशी तूही लाव, ताठ मानेने लाव. ती हसली. "तुम्ही लावलीत तर तो पाठिंबा, ताई. मी लावली तर ती बातमी."



गुंडी दिवसभर तिच्याकडे बघून डोळे पुसत होती. मी लक्ष दिलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मला वाटलं होतं याहून खाली कोणी जाऊ शकत नाही. माझी चूक झाली.

साहेबांचा निरोप आला: रिबिनी कोणी शिवल्या ते त्यांच्या कानावर आलंय, तरी सगळ्या नव्याने करून घ्याव्यात. जुन्या टाकून द्याव्यात, चर्चा नको. सोबत नवीन रिबिनीची गुंडाळी आणि सेफ्टीपिनांची नवी पाकिटं. सेफ्टीपिनासुद्धा नव्या.

मी तो कागद तीन वेळा वाचला. एचआयव्ही झालेल्या माणसाला दूर लोटू नका, हे सांगायला लावायच्या त्या रिबिनी. आणि त्या एचआयव्ही झालेल्या बाईने शिवल्या म्हणून कचऱ्यात. हे लिहिणाऱ्याला एकदाही हसू आलं नाही? एकदाही शरम वाटली नाही? माझे तर कान तापले. मास्तरांना कागद वाचून दाखवला. त्यांना तो पहिल्याच वेळी नीट ऐकू आला. कात्री खाली ठेवून म्हणाले, "मी नाही कापणार." आठ वर्षांत त्यांचं हे सर्वात लांब वाक्य.

मग मी ठरवलं. नवी खोकी मागवली, त्याच रिबिनी त्यांत भरल्या, वर चिठ्ठी लावली, आदेशाप्रमाणे पूर्तता केली आहे. सही ठोकली. नव्या रिबिनीची गुंडाळी कपाटात गेली, मुलांच्या विभागातल्या झबल्यांना होईल. आज फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कागदपत्रांच्या खोलीत जाऊन काजवालीला ही गंमत सांगितली. खोलीला खिडकी नाही, धुळीने ती खोकत होती. प्रकृतीची काळजी!

मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, म्हणजे माझ्या हातचं चोरून खपवायचं, असंच ना? मी म्हटलं, अगं, पण त्यांची कशी जिरवली! ती म्हणाली, त्यांना कळलंच नाही तर जिरली कुठे. आणि गठ्ठे बांधायला लागली.

चांगलं करायला जावं तर हे असं. पण तिच्या मनावर सध्या ताण आहे, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

झाला एकदाचा कार्यक्रम. दारातच प्रत्येकाला रिबीन टोचून आत सोडत होते. डॉक्टर, परिचारिका, पाहुणे, शिपाई, सगळ्यांच्या छातीवर काजवालीचा टाका. धोबीखान्याच्या मुकादमानेही लावली होती, कोटाच्या वरच्या खिशावर, बिल्ल्यासारखी. साहेबांनी दोन लावल्या होत्या, एक कोटावर, एक टायवर.

भाषण पाऊण तास चाललं. स्पर्शाने पसरत नाही, म्हणाले. भेदभाव हाच खरा रोग आहे, म्हणाले. ही रिबीन म्हणजे एक वचन आहे, म्हणाले, आणि कोटावरच्या रिबिनीवर हात ठेवला तसे फोटोवाले धावले. मी तिसऱ्या रांगेत बसून दातओठ खात होते. उठून ओरडावं, की साहेब, ते वचन जिने शिवलं तिला तुम्ही खिडकी नसलेल्या खोलीत टाकलंय. दोनदा अर्धी उठले. पण ओरडले असते तर पहिलं तिचंच नाव विचारलं असतं सगळ्यांनी. बसले.

काजवाली आली नव्हती. त्या खोलीचं दार बंद करून गठ्ठे बांधत बसली होती.

माझी रिबीन घरी आल्यावर काढली. टाका ओढून पाहिला, तुटेना.

७ डिसेंबर, रविवार

हे लिहावं की नको, असं दुपारपासून चाललंय. लिहिते.

आज पत्त्यांचा डाव आमच्याकडे होता. मी चहा घेऊन गेले तर मुकादम उठून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार झाले. तुम्ही ह्याच्याकरवी वेळेवर कळवलंत, नाहीतर आमची पोरं तिचे कपडे तसेच हाताळत बसली असती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पानं डोळ्यांसमोर धरली.

मुकादम गेल्यावर मी विचारलं. हे म्हणाले, मी काय जगाला ओरडून सांगितलं का? एकट्या मुकादमाला सांगितलं. तो कपडे धुतो, त्याला माहीत असायला हवं. आणि तो आपल्या विश्वासातला माणूस आहे.

मी खूप बोलले असते. तोंड उघडलंही होतं. पण विश्वासातला माणूस हे शब्द मीच कुठेतरी लिहिल्याचं आठवलं, आणि मागची पानं उलटून पाहिली. नऊ नोव्हेंबर. माझंच अक्षर. मी हे पान महिनाभरापूर्वी लिहिलं आणि गुंडीच्या मानगुटीवर बसले.

मुकादमाने नाडी बांधली, साहेबांनी आदेश काढला, ह्यांनी तोंड सोडलं. पहिल्या दोघांना मी महिनाभर मनातल्या मनात फाडून खाल्लं. पण सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली. तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मला चार दिवस पोटात ठेवता आली नाही. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी आधी गुंडीकडे गेले. म्हटलं, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, धोबीखान्यात ते माझ्या घरून गेलं. ती म्हणाली, ताई, मला तर ते तुम्हीच सांगितलंत, कोठीत, त्या शुक्रवारी. तोवर मला काही माहीत नव्हतं. आणि तेव्हापासून मी घरातसुद्धा बोलले नाही.

म्हणजे दोनदा. घरी एकदा आणि कोठीत एकदा, आणि दुसऱ्या वेळी तर छाती फुगवून.

मग स्टूल का हलवलंस, विचारलं. तर तिला मोतीबिंदू झालाय. सुईचं नेढं दिसत नाही. नोकरी जाईल या भीतीने बोलली नव्हती. इतक्या लहान खोलीत आम्ही चौघं बसतो, आणि दोघी जणी भीत भीत शिवत होत्या. मला काय दिसलं, तर स्टूल.

दुपारी काजवालीकडे गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाल्हाळ लावला नाही. ती ऐकत होती. गाठ मारायची अर्धी राहिली होती ती पुरी केली आणि म्हणाली, "मला माहीत होतं, ताई."

कधीपासून?

"पहिली नाडी आली त्या दिवसापासून. तुमच्याशिवाय मी कोणाला सांगितलंच नव्हतं."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही शरमेने गप्प झाला असता. मग माझ्या बाजूने भांडायला कोण उरलं असतं? एकट्या तुम्हीच तर होता."

महिनाभर ती माझी कळकळ सहन करत होती. सुयांची डबी तर पहिल्याच दिवशी दिली होती मी तिला, लाल नाडी यायच्याही आधी. त्याचीही माफी मागितली. ती म्हणाली, ती डबी दिलीत तेव्हाच खरं तर मला समजायला हवं होतं.

आता काय करू, असं विचारलं. साहेबांशी पुन्हा भांडते, वर्तमानपत्रात जाते, हवं ते करते. ती म्हणाली, नको. तुम्ही माझ्याबरोबर साहेबांकडे चला. पण बोलायचं नाही. मी बोलेन. जेवढं बाहेर जायचं तेवढं गेलंच आहे, आता निदान माझ्या तोंडून जाऊ दे.

१० डिसेंबर, बुधवार

साहेबांच्या कोटावर रिबीन अजून होती. पाहुणे येऊन नऊ दिवस झाले, पण फोटो छापून आल्यापासून ती त्यांना आवडायला लागली असावी.

काजवाली बसली नाही, उभीच राहिली. मी दाराशी. तिने बदलीचा कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं की मी सात वर्षं इथे शिवतेय, ऑपरेशनच्या प्रत्येक गाऊनवर माझे टाके आहेत, ते गाऊन घालून डॉक्टर रोज माणसं वाचवतात. मला माझ्या मशीनवर परत बसायचं आहे. आवाज चढवला नाही. मी इतकी ओरडले होते त्या खोलीत, पण साहेब तेव्हा पेन फिरवत होते. आज पेन खाली होतं.

ते नेहमीचं सुरू करणार होते, लोकांच्या भावना वगैरे. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या कोटावरची रिबीन माझ्या हातची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जीभ दातांखाली धरली होती, अक्षरशः.

ती म्हणाली, बाराशेतल्या नऊशे माझ्या. टाकून द्यायला सांगितल्या होत्या, त्या टाकल्या गेल्या नाहीत. सगळ्यांनी लावल्या. पाहुण्यांनी लावल्या. धोबीखान्याने लावल्या. आज दहावा दिवस आहे.

साहेबांचा हात आपसूक कोटाकडे गेला. दोन बोटं रिबिनीला लागली.

"काढायची असेल तर काढा," काजवाली म्हणाली. "पण का काढली, ते या बदलीच्या कागदावर लिहा. प्रशासकीय कारणास्तव असं नको. खरं कारण लिहा आणि खाली सही करा."

साहेबांच्या मागे तो तक्ता होताच, त्यांच्या सहीचा. त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, सोमवारपासून शिवणखोलीत बसा, कराराचं मी बघतो. ती म्हणाली, बघतो नको, लिहून द्या. त्यांनी आदेश रद्द केल्याचं लिहिलं, करार शिवणकामावरच पुढे चालू ठेवावा हेही लिहिलं. तिने तिथेच उभं राहून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

मग साहेब माझ्याकडे वळले. खोटी पूर्तता कळवल्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागेल म्हणाले. देईन, म्हटलं. त्यांना नवल वाटलं असावं. विचारलं, आज तुम्ही काहीच बोलत नाही?

"नाही, साहेब. माझं बोलून झालंय."

जिना उतरताना मला धाप लागली म्हणून ती थांबली. मी म्हटलं, आजचं मी कोणाला म्हणजे कोणाला सांगणार नाही, घरीसुद्धा नाही, शपथ घेते हवी तर. ती एक पायरी खाली उभी होती. हसली नाही.

म्हणाली, "आजचं मात्र घरी जरूर सांगा, ताई. मुकादमापर्यंत पोचायला हवं."

घरी आल्या आल्या सांगितलं.